जॉब हलता कामा नये

धातू तासायचा शेपर चालू असला की बघणाऱ्याची नजर रॅमवर खिळते. जाडजूड रॅम पुढे जातो, टूलखालून धातूचा निळसर वळसा सुटतो, रॅम झटक्यात मागे येतो, टेबल एक दाता सरकतं आणि पुन्हा तेच. बघत राहावंसं वाटतंच. पण या मशीनवरचं खरं काम रॅम सुरू व्हायच्या आधी झालेलं असतं. जॉब, म्हणजे तासायची वस्तू, कशावर ठेवला, कशाला टेकवला, कुठून आवळला आणि कापण्याचा जोर शेवटी कुठे जाऊन अडणार, एवढं नीट जमलं की पुढचं मशीन करतं. ते जमलं नाही तर टूल कितीही निगुतीने घासा, पृष्ठभाग चकचकीत येईल आणि काटकोन गेलेला असेल.

माझी सगळी नोकरी महापे एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात गेली. काम जिग आणि फिक्स्चरचं, म्हणजे दुसऱ्यांनी कापायच्या वस्तू कशा धरायच्या ते कागदावर ठरवायचं. त्यातला पहिला धडा सहा टेकूंचा. मोकळी वस्तू तीन दिशांना सरकू शकते आणि तीन अक्षांभोवती फिरू शकते. तळाला तीन टेकू, लांब बाजूला दोन आणि टोकाला एक असे दिले की तिची जागा पक्की होते. तळाला चौथा टेकू दिला की ओबडधोबड जॉब कोणत्या तिघांवर बसणार ते सांगता येत नाही. तीन दगडांच्या चुलीवरचं भांडं डुगडुगत नाही, तसंच हे. हा नियम मी वर्षानुवर्षं ड्रॉइंगमध्ये वापरला. पण त्या टेकूंवर प्रत्यक्षात केवढा भार येतो आणि जॉब हलतो तेव्हा पहिल्यांदा कुठून हलायला लागतो, हे हाताला कळलं ते निवृत्तीनंतर, स्वतःचा शेपर घरी आल्यावर.

मशीन रबाळ्याच्या एका बंद होत असलेल्या गाळ्यातून आलं. एमआयडीसीची स्थापना १९६२ची. त्यानंतर ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने दिघा, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे अशी औद्योगिक वसाहत पसरत गेली. रसायनांचे आणि इंजिनिअरिंगचे मोठे कारखाने आले आणि त्यांच्या दुरुस्तीच्या, सुट्या भागांच्या कामावर शेकडो छोटे गाळे उभे राहिले. त्या गाळ्यांमध्ये एक लेथ, एक ड्रिल आणि एक शेपर हे ठरलेलं त्रिकूट असे. आता त्याच रस्त्यावर आयटी पार्क आणि डेटा सेंटरच्या काचेच्या इमारती आहेत. लेथला अजून गिऱ्हाईक मिळतं, शेपर मात्र भंगाराच्या भावाने, किलोवर जातो. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. राजकोट, बटाला, लुधियाना इथल्या कारखान्यांनी ही मशीनं देशभर पोचवली आणि कित्येक कारागिरांचे हात त्यांच्यावर तयार झाले.

माझा शेपर बारा इंची आहे. रॅमच्या सर्वांत लांब फेऱ्यावरून हे माप सांगतात. अर्ध्या टनाच्या आसपासचं वजन हायड्रा क्रेनने दारापर्यंत आणलं आणि तिथून पाइपांवर लोटत, पहारीने वळवत सिडकोच्या रो-हाउसच्या तळमजल्यावर घेतलं. एक एचपीची सिंगल फेज मोटार बसवली, खाली काँक्रीटचा चौथरा केला आणि बोल्टने जखडला. रॅमची ये-जा एवढी जड असते की नुसता ठेवलेला शेपर जागेवर राहत नाही. रॅम मागे जिथपर्यंत येतो तिथे जमिनीवर पिवळा पट्टा आहे आणि त्याच्या आत कोणी उभं राहायचं नाही. पुढच्या बाजूलाही रॅमच्या रेषेत कोणी थांबायचं नाही, कारण गरम किस तिकडेच उडतो. दुपारी दोन ते चार मशीन बंद. शेजाऱ्यांची झोप आणि आमची मैत्री, दोन्ही शाबूत राहतात.

सेटिंगची सुरुवात जॉबपासून होत नाही, टेबलापासून होते. हे मला मामांनी शिकवलं. मामा म्हणजे आमच्या टूलरूमचे निवृत्त मशीनिस्ट. सगळी टूलरूम त्यांना मामाच म्हणायची. मशीन बसल्यावर ते आले, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "ताई, आधी याला विचारा. टेबल खोटं बोलत असेल तर वरचं सगळं खोटं."

विचारायचं साधन म्हणजे डायल. टूलच्या जागी डायल पकडायचा, टोक टेबलाला टेकवायचं आणि रॅम हाताने पुढे-मागे न्यायचा. मग टेबल आडवं सरकवून तेच. दोन्ही दिशांना काटा स्थिर राहिला तर टेबल रॅमला आणि आडव्या सरकपट्टीला समांतर आहे. जुन्या मशीनवर तो राहत नाही. टेबलाचं बाहेरचं टोक वर्षानुवर्षांच्या भाराने किंचित खाली आलेलं असतं. त्यासाठी टेबलाखाली पुढच्या बाजूला आधाराचा पाय असतो. जुन्या गाळ्यांमधून आलेल्या मशीनवर तो बहुधा हरवलेला असतो. मी तो नव्याने करून घेतला. तो लावायचा तोही बेताने, टेबल वर न उचलता, नुसतं खालून टेकेल इतकाच.

टेबल झिजलेलं असेल तर त्याच मशीनवर, त्याच्याच रॅमने, टेबलाचा वरचा थर तासून घ्यावा, असं जुने लोक सांगतात. याला विरोध करणारेही आहेत. माझं मत असं की आधी सरकपट्ट्यांची ढिलाई काढावी, गिब, म्हणजे सरकपट्ट्यांमधली फट भरणाऱ्या पट्ट्या, नीट बसवाव्यात आणि त्यानंतरही काटा हलत असेल तरच टेबलाला टूल लावावं. ढिल्या मशीनवर तासलेलं टेबल ती ढिलाईच स्वतःवर कोरून घेतं.

टेबलानंतर वाइस. वाइसचे दोन जबडे सारखे दिसतात, पण त्यांचा दर्जा वेगळा. एक ठाम, वाइसच्या अंगाचाच भाग. दुसरा हलता, आणि हलतो म्हणजे त्याच्या खाली थोडी फट आहे. आवळताना तो पुढे येतो तसा वरही उचलला जातो आणि जॉबला आपल्याबरोबर उचलतो. त्यामुळे शेपरवरचा भरवसा कायम ठाम जबड्यावर. हलत्या जबड्याचं काम फक्त ढकलण्याचं. काटकोन ठाम जबड्याकडून मिळतो, उंची खालच्या पॅरललकडून, म्हणजे जॉबखाली ठेवायच्या समांतर पट्टीकडून मिळते. म्हणून ठाम जबडा रॅमला बरोबर आडवा किंवा बरोबर समांतर आहे की नाही, हे डायल फिरवून पाहिल्याशिवाय मी जॉब हातात घेत नाही. वाइसच्या बुडाला कोरलेल्या अंशांच्या खुणा अंदाजापुरत्या असतात.

जबडे आडवे ठेवायचे की समांतर, हा शेपरवरचा नेहमीचा प्रश्न. कापताना रॅम कॉलमपासून लांब जातो, म्हणजे जोर बाहेरच्या दिशेने. जबडे आडवे ठेवले आणि ठाम जबडा बाहेरच्या बाजूला असला तर तो सगळा जोर थेट त्याच्या छातीवर घेतो. ही सगळ्यांत निर्धास्त पकड. पण लांबट जॉब असा आडवा धरला की फेऱ्या आखूड होतात आणि त्यांची संख्या वाढते. लांबी रॅमच्या दिशेने ठेवावी तर जबडे जोराला समांतर येतात आणि जॉबला अडवणारं घर्षणाखेरीज काही उरत नाही. शेपरचं टूल प्रत्येक फेऱ्याला जॉबवर येऊन आदळतं. मिनिटाला साठ-सत्तर धक्के बसत असतील तर नुसत्या घर्षणावर विसंबू नये. अशा वेळी मी जॉबच्या बाहेरच्या टोकाला, टेबलाच्या टी-स्लॉटमध्ये, एक जाड स्टॉपर बोल्टने बसवते. तो लावला की वाइस कमी आवळून भागतं, आणि कमी आवळला की जॉब कमी वाकतो.

चौकोनी ठोकळा काटकोनात आणणं हे शेपरवरचं पहिलं काम आणि मला विचाराल तर सगळ्यांत सुंदर कामही तेच. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून आणलेला माइल्ड स्टीलचा तुकडा असतो, करवतीने कापलेला, एकही बाजू सरळ नसलेला. त्यातली सगळ्यांत रुंद आणि बरी बाजू ठाम जबड्याला लावायची. हलता जबडा आणि जॉब यांच्यामध्ये पकडीच्या साधारण मध्यावर एक गोल सळई आडवी ठेवायची. सळईमुळे हलत्या जबड्याचा दाब एका रेषेवर येतो. तो जबडा तिरका झाला तरी तिरकेपणा जॉबपर्यंत पोचत नाही आणि जॉब ठाम जबड्याला पूर्ण चिकटतो. ही सळई फार खाली सरकली की जॉबची वरची कड जबड्यापासून सुटते, फार वर गेली की खालची. वरची बाजू तासली की पहिला खरा पृष्ठभाग मिळाला.

आता तो पहिला पृष्ठभाग ठाम जबड्याला, सळई पुन्हा जागेवर, आणि दुसरी बाजू तासायची. ती पहिलीशी काटकोनात येते. तिसऱ्या वेळी पहिली बाजू जबड्याला तशीच ठेवून दुसरी बाजू खाली पॅरललवर. इथे सळईने पकडलेल्या जॉबला तांब्याच्या हातोडीने हलकेच खाली बसवायचं, पॅरलल आणि जॉब यांच्यामध्ये ठेवलेल्या कागदाच्या पट्ट्या ओढून बघायच्या. चारही टोकांच्या पट्ट्या फाटतात, पण सरकत नाहीत, म्हणजे जॉब बसला. एखादी सहज निघाली तर तो कोपरा हवेत आहे. पावसाळ्यात कागद दमट होतो आणि बसलेला नसतानाही फाटतो, म्हणून पट्ट्या झाकणाच्या डब्यात ठेवते. चौथ्या वेळी तिसरी बाजू जबड्याला आणि पहिली खाली पॅरललवर. आता दोन समोरासमोरच्या बाजू तयार झालेल्या असल्यामुळे सळई काढली तरी चालते. टोकं गुण्या लावून उभी करून होतात.

या क्रमात प्रत्येक बाजू आधीच्या बाजूकडून खरेपणा उसना घेते. पहिली रॅम आणि सरकपट्टीकडून, दुसरी पहिलीकडून, तिसरी दोघींकडून. कुठे एक किसाचा कण मध्ये राहिला तर त्याची जाडी पुढच्या सगळ्या बाजूंच्या माथी बसते. म्हणून प्रत्येक पकडीआधी जबडा, पॅरलल आणि जॉब बोटाने पुसायचे. फडक्याने नाही, बोटाने. फडक्याचा धागा राहतो आणि बोटाला कण लागतो.

माझा भाचा आयटीआयला मशीनिस्टचा कोर्स करतो. तो इथे येतो तेव्हा त्याला घाई असते. "आत्या, मिलिंगवर हे अर्ध्या वेळात होईल," हे त्याचं म्हणणं. खरंच आहे. कारखान्यातून शेपर गेला तो मिलिंग मशीनमुळेच आणि धंद्यात वेळेला किंमत असते. हौसेच्या वर्कशॉपचा हिशेब वेगळा. नागदेवी स्ट्रीटवरून आणलेली एक साधी हाय-स्पीड स्टीलची टूल बिट मी ग्राइंडरवर हवी तशी घासते, बोथट झाली की पुन्हा घासते, आणि एकाच बिटने सपाटी, खाच, तिरकी बाजू असं सगळं होतं. मिलिंगच्या कटरला जी किंमत पडते तिच्यात माझ्या वर्षभराच्या बिटा येतात. पण पैशापेक्षा मोठं कारण असं की शेपरवर जोराची दिशा एकच आणि डोळ्यांना दिसणारी. फिरणाऱ्या कटरचा जोर क्षणाक्षणाला दिशा बदलतो, तिथे पकड का सुटली याचा माग काढणं अवघड. धरायला शिकायचं असेल तर शेपरसारखी दुसरी शाळा नाही, असं माझं ठाम मत आहे. इंग्लंडात जेम्स नॅस्मिथने १८३६ मध्ये असं मशीन बांधलं आणि कारखान्यांनी ते सोडून दिल्यावरही जगभरातल्या हौशी लोकांनी ते टिकवलं. इंग्लंडात ॲडेप्टचे हाताने ओढायचे छोटे शेपर हौशी वर्कशॉपांत होते, अमेरिकेत डेव्हिड गिंजरीने भंगारातलं ॲल्युमिनियम ओतून शेपर कसा बांधावा यावर पुस्तकच लिहिलं. त्यांच्या पंक्तीत बसायला मला आवडतं.

आता बिडाच्या कास्टिंगबद्दल सांगते, कारण धरण्याची खरी परीक्षा तिथे होते. मला स्वतःसाठी एक छोटी अँगल प्लेट करायची होती, दोन जाड हातांची, हातांत बोल्टसाठी ओतीव खाचा असलेली. लाकडाचा पॅटर्न मी केला आणि कोल्हापूरच्या एका फाउंड्रीतून कास्टिंग ओतून आणलं. कोल्हापूर म्हणजे ओतकामाचं माहेर, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींमध्ये हेच काम चालतं. कास्टिंग हातात आल्यावर लगेच कापू नये. थंड होताना त्यात ताण अडकलेले असतात आणि वरची साल काढली की ते सुटतात, मग कापलेली बाजू दुसऱ्या दिवशी वाकडी निघते. जुन्या लोकांची रीत म्हणजे कास्टिंग उघड्यावर टाकून ठेवायचं. माझं कास्टिंग एक पावसाळा अंगणात पडून होतं. गंज चढला, चढू दिला.

ओतीव वस्तूला एकही सरळ बाजू नसते. पॅटर्न वाळूतून निघावा म्हणून बाजूंना उतार दिलेला असतो, त्यामुळे वाइसचे सपाट जबडे तिला कुठेतरी एका कडेवर धरतात आणि पहिल्या धक्क्याला ती फिरते. इथे ड्रॉइंग ऑफिसातले सहा टेकू कामाला आले. अँगल प्लेटचा एक हात उभा, वाइसमध्ये. ठाम जबड्याच्या बाजूला ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे दोन छोटे तुकडे, थोड्या अंतरावर. हलत्या जबड्याच्या बाजूला एकच तुकडा, त्या दोघांच्या मध्यावर समोर. आता उतार कसाही असो, पकड या तीन जागांवरच होते आणि डुगडुग संपते. हात जाड असल्यामुळे तो मध्ये वाकण्याची भीती नाही. पातळ वस्तू मात्र अशी धरू नये.

दुसरा हात ठाम जबड्याच्या वरून बाहेर आलेला, त्याची बाहेरची बाजू वर, तीच तासायची. पण तो हवेत आहे. टूलचा जोर बाहेरही ढकलतो आणि खालीही दाबतो, म्हणजे तो हात लवणार आणि थरथरणार. त्याखाली बोटभर उंचीचा स्क्रू जॅक ठेवला. जॅक किती आवळायचा हे डोळ्यांनी ठरत नाही. वर डायलचं टोक टेकवायचं, काटा शून्यावर आणायचा आणि जॅकचा स्क्रू दोन बोटांनी वर घ्यायचा. काटा हलायला लागला की जॅक उचलायला लागला. तिथून काटा शून्यावर येईपर्यंत मागे. त्या जागी जॅक टेकलेला असतो, उचलत नसतो. मग लॉकनट आवळायची आणि आवळताना काटा पुन्हा बघायचा, कारण नट आवळताना स्क्रू थोडा वर जाऊ शकतो.

बिडाची साल कठीण असते, तिच्यात वाळूचे कण रुतलेले असतात. टूल तिच्यावर घासत नेलं तर धार लगेच जाते. पहिला काप सालीच्या खालून, दोन-अडीच मिलिमीटर खोल घ्यायचा, म्हणजे धार मऊ बिडात राहते आणि साल वरून तुटून पडते. एवढ्या खोल कापाला पकड पक्की नसेल तर तो घेताच येत नाही. म्हणून कास्टिंगमध्ये धरणं आणि कापणं वेगळं काढता येत नाही. टूल जिथून बाहेर पडतं ती कड कानशीने आधी उतरती करून ठेवायची, नाहीतर शेवटच्या मिलिमीटरला बीड कापलं न जाता तुटतं आणि कडेला दात पडतात.

दुसरी बाजू पहिलीशी काटकोनात आणायला मी वाइस काढूनच टाकला. शेपरचं टेबल पेटीसारखं असतं आणि त्याच्या उभ्या बाजूंनाही टी-स्लॉट असतात. पुष्कळ लोक त्या स्लॉटचा उपयोग करत नाहीत, हे मला मोठं नुकसान वाटतं. तासलेला पहिला हात टेबलाच्या उभ्या बाजूला टेकवला, कास्टिंगच्या खाचांमधून चार सुती टी-बोल्ट घालून आवळला. दुसरा हात आपोआप आडवा, वर, बाहेर आलेला. आता काटकोन जबड्याकडून येत नाही, टेबलाच्या बाजूकडून येतो. म्हणून ती बाजू आधी तपासली होती. गुण्याचं एक पातं तिला घट्ट धरलं आणि दुसऱ्या पात्यावर डायल ठेवून टेबल आडवं सरकवलं. काटा जागचा हलला नाही. मग बाहेरच्या टोकाला स्टॉपर, कारण इथेही जोर बाजूला समांतर आहे आणि बोल्ट फक्त घर्षणाने धरतात. आडव्या हाताला खालून आधार देता येत नाही, तेव्हा काप पातळ घेतले आणि फेरे सावकाश ठेवले. शेवटच्या कापाआधी बोल्ट किंचित ढिले करून पुन्हा बेताने आवळले. आधीचे काप घेताना जॉबमध्ये जो पीळ बसलेला असतो तो तेवढ्यात सुटतो आणि शेवटचा काप मोकळ्या जॉबवर होतो.

मामा बघायला आले तेव्हा त्यांनी गुण्या लावला, उजेडाकडे धरला आणि काही बोलले नाहीत. माझ्या माहितीत त्यांची याहून मोठी शाबासकी नाही.

पातळ पट्टीची गोष्ट वेगळी. गिबसाठी चार मिलिमीटरची पट्टी तासायची असेल तर जबड्यांना धरायला उंचीच नसते आणि आवळली की पट्टी मध्ये फुगते. त्यासाठी दोन पाचरपट्ट्या असतात, एक कड पातळ आणि मागची जाड कड दोन-तीन अंश तिरकी घासलेली. पातळ कड जॉबला, जाड कड जबड्याला. वाइस आवळला की त्या तिरकेपणामुळे पाचर पुढे ढकलते तशी खालीही दाबते. वरचा सगळा पृष्ठभाग मोकळा राहतो. इतकी साधी वस्तू, पण ती हाताशी असली की जे काम अशक्य वाटतं ते सहज होतं. मामांनी त्यांची स्वतःची जोडी मला दिली, कडक करून घासलेली. मी ती ग्रीस लावून ठेवते. खाडीची खारी हवा नवी मुंबईत कोणत्याही तासलेल्या पृष्ठभागाला सोडत नाही. जून ते सप्टेंबर रोज संध्याकाळी वाइस, पॅरलल आणि टेबलाला तेलाचा हात फिरवणं हा सेटिंगचाच भाग आहे. गंजाचा बारीकसा फोड डायलवर लगेच दिसतो.

गोल शाफ्ट धरायचा तर व्ही-ब्लॉक. चावीगाळा कापताना टूल शाफ्टच्या मध्येच थांबायचं असतं, तेव्हा गाळ्याच्या शेवटाला आधी ड्रिलने भोक पाडायचं, म्हणजे किसाला तुटून पडायला जागा मिळते आणि टूल अडत नाही. फेऱ्याची लांबी आणि जागा मोटार सुरू करायच्या आधी हाताने फिरवून बघायची, भोकाच्या मध्यावर टूल थांबतंय याची खात्री करायची. हे भाच्याने पहिल्यांदा स्वतःहून केलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

सध्या मशीनवर डोव्हटेल आहे, एका छोट्या स्लाइडची मादी बाजू, बिडाचीच. डोव्हटेलच्या दोन तिरक्या बाजू एकमेकींशी समांतर हव्यात आणि तळाशी साठ अंशांत. जॉब एकदा टेबलावर टेकवला, डायलने सरळ केला, चार क्लॅम्प लावले. क्लॅम्पचा बोल्ट जॉबच्या जवळ, मागचं पॅकिंग जॉबपेक्षा केसभर उंच, म्हणजे सगळा दाब जॉबवर जातो. दोन स्टॉपर बाहेरच्या टोकाला. मधली खाच आधीच मोकळी केली आहे. मग हेड उभ्यापासून तीस अंश फिरवून एक तिरकी बाजू कापली. टूल धरणारा क्लॅपर बॉक्स कापायच्या बाजूपासून वरून बाहेर कलता ठेवला, म्हणजे परतताना टूल बाजूला घासत नाही आणि सुटून वर येतं.

भाच्याने विचारलं, "आत्या, काढून मापून बघू या का? मग दुसरी बाजू लावू."

"काढायचा नाही," मी म्हटलं. "माप इथेच घ्यायचं."

कोपऱ्यात दोन गोल पिना ठेवून त्यांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजता येतं, जॉब जागेवर असताना. दुसऱ्या बाजूचं टूल घासून तयार आहे, पहिल्याचं उलटं. उद्या सकाळी हेड दुसऱ्या बाजूला तीस अंश कलवायचं, क्लॅपर उलटा करायचा, फेऱ्याची जागा हाताने फिरवून बघायची आणि क्लॅम्पना पाना न लावता पहिला काप घ्यायचा. तो भाचा घेईल, मी पिना धरून मापं सांगेन.